गैरहजर मुलांचा वर्ग

शिराने शब्बाथचे दिवे फुंकर मारून विझवले, त्या संध्याकाळी मोझेलला आपल्या मेलेल्या आईचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

शुक्रवार होता, ज्यूंचा शब्बाथ त्या संध्याकाळी सुरू होतो. जपानमधल्या ग्योतोकुच्या त्या छोट्या घरात जेवणाच्या टेबलावर मेणबत्त्यांचे दोन दिवे लावून, डोक्यावर ओढणी घेऊन, डोळ्यांवर तळहात ठेवून मोझेल प्रार्थना म्हणत होती. डोळे उघडले तर समोर नुसता धूर. सात वर्षांची शिरा खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती आणि टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं म्हणत होती. जपानी शाळेत मेणबत्तीचा तेवढाच उपयोग तिने पाहिला होता. मोझेलचा नवरा एलिजा नुकताच तोयोसूच्या ऑफिसातून आला होता. तो दारात बूट काढता काढता खो खो हसायला लागला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोणीतरी विचारलं, "मोझू, दिवा कोणी विझवला?"

मोझेल वळली. ओट्यापाशी कोणी नव्हतं. कुकरची वाफ तेवढी निवत होती. मोझू म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते चार महिन्यांपूर्वी ठाण्याच्या दफनभूमीत विसावलं होतं. त्या वर्षी साथीमुळे विमानं नव्हती, मुभा नव्हती. आईला मातीत उतरवताना मोझेलने फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. मध्येच चित्र गोठलं, आणि पुन्हा हललं तेव्हा खड्डा बुजलेला होता.

"काय झालं गं?" एलिजाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि काडेपेटी शोधायला लागली. मग तिला आठवलं की विझलेला शब्बाथचा दिवा पुन्हा लावत नाहीत. त्या रात्री ते तिघं ट्यूबलाइटखाली जेवले.

मोझेल कोर्लेकर कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची. तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून ज्यांना गावं शनवार तेली म्हणायची, त्यांच्यातली. घरात मराठी, देवाशी हिब्रू. तिची आई सेगुलाबाई मुंबईतल्या एका ज्यू शाळेत हिब्रू शिकवायची. मोझेल त्याच शाळेत होती. ती आईच्या वर्गात बसायला लागली तोवर समाज विमानं भरभरून इस्राएलला निघून गेला होता. शाळा मुलांनी गजबजलेली असायची, पण ती मुलं दुसऱ्या धर्मांची. हिब्रूच्या तासाला त्या लांबलचक वर्गात मोझेल एकटी असे. आई मात्र रोज हजेरी घ्यायची, आणि ती सगळ्यांची. जे अश्दोदला गेले, जे लोदला गेले, त्यांचीही.

"फ्लोरा झिराडकर." थांबायची. "हायम तळकर." थांबायची. "रिबका नागावकर." प्रत्येक नावानंतर ती तेवढाच वेळ थांबे, जेवढ्यात एखादं मूल उठून हजर म्हणेल. शेवटी मोझेलचं नाव यायचं. त्या सगळ्या रिकाम्या बाकांवरून तिचा एकटीचा "हजर" जायचा तेव्हा तिला वाटायचं, बाकीचे मान वळवून आपल्याकडे बघताहेत.

हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

दिवा विझला त्या आठवड्यात तिने शाळा शोधायला घेतली. शिराची सरकारी प्राथमिक शाळा चांगली होती आणि जवळपास फुकट होती. पण आपण कोण आहोत हे पोरीला तिथे कोणी सांगणार नव्हतं. शेजारच्या वृंदाची मुलं मराठी मंडळाच्या गणपतीत आरत्या म्हणत, शिराही त्यांच्याबरोबर म्हणे. मोझेलला त्याचं काही नव्हतं, ती स्वतः ठाण्यात आरत्या ऐकत वाढली होती. पण वृंदाची मुलं घरी परत येत ती एका नावागावात. शिरा कशात परत येणार?

योकोहामाला टेकडीवर एक लहानशी ज्यू शाळा होती. जुन्या व्यापारी बंगल्यात भरायची, खिडक्यांतून बंदर दिसायचं. फी ऐकून एलिजाने मोझेलला ती पुन्हा विचारायला लावली. त्याच्या पगाराचा निम्मा भाग तिकडे गेला असता. मोझेल एका पाळणाघरात अर्धवेळ काम करायची, तिचा पगार तर गाडीभाड्यातच संपला असता. तरीही ती शिराला घेऊन भेटीला गेली.

शाळेच्या मुख्याध्यापिका दीना मूळच्या अर्जेंटिनाच्या, पांढरे केस मागे बांधलेल्या, तीस-एक वर्षं जपानात काढलेल्या. त्यांनी शिराला रंगीत खडू दिले, मोझेलला कॉफी दिली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "फीची काळजी करू नका. शाळेचं मंडळ सूट देतं. पूर्ण सूटही मिळेल. फक्त एक छोटीशी गोष्ट आहे."

मोझेलने कप खाली ठेवला. छोट्या गोष्टी तिला माहीत होत्या.

"मला स्वतःला तुमच्या ज्यू असण्याबद्दल तिळमात्र शंका नाही," दीना म्हणाल्या. "पण देणग्या देणारे काही जण जुन्या वळणाचे आहेत. एखाद्या मान्यवर रब्बायचं, धर्मगुरूचं पत्र असतं तर बरं झालं असतं. नसलं तरी हरकत नाही. शिराला विधीच्या पाण्यात एकदा बुडी मारू द्या. मग काही प्रश्नच उरत नाही."

"कोणाचा प्रश्न?" मोझेलने विचारलं.

दीना खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेजारच्या खोलीत मुलं अक्षरांचं गाणं म्हणत होती. सूर वेगळा होता, पण अक्षरं तीच. शिराने खडू थांबवून कान टवकारले होते.

परतीच्या गाडीत शिरा झोपली. एलिजा रात्री म्हणाला, "काय बिघडतं गं? पोहायला जाते तशी जाईल. इतकी महाग शाळा फुकट मिळतेय."

"आईच्या बहिणीला हेच सांगितलं होतं," मोझेल म्हणाली.

ती गोष्ट त्यालाही माहीत होती. साठच्या दशकात सेगुलाबाईंचं कुटुंब इस्राएलला गेलं होतं. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, तर लग्न नोंदवणाऱ्यांनी आजीची, पणजीची कागदपत्रं मागितली, नाहीतर विधीच्या पाण्यात बुडी. कोकणातल्या तेल्याच्या पणजीची कागदपत्रं! तसे प्रश्न तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना विचारले गेले. लग्न मोडलं. आजोबा सगळ्यांना घेऊन ठाण्याला परत आले. ती बहीण पुढे कोणाशी फारशी बोललीच नाही.

मोझेल तांदूळ धुवायला उठली. नळाखाली हात धरला तशी आई अगदी कानाशी म्हणाली, "पाण्यात बुडवून माणूस ज्यू होत नाही मोझू. ओला होतो."

मोझेलच्या हातातलं पातेलं सुटलं. आई जिवंतपणी हे कधी म्हणाली होती का, ते तिने रात्रभर आठवून पाहिलं. म्हणाली नव्हती. तिची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तिने योकोहामाला नको म्हणून कळवलं.

मग तिने केलं ते असं. ग्योतोकु स्टेशनपासून जवळ सरकारी सभागृह होतं, त्याला इथे कोमिनकान म्हणतात. चहापानाच्या, सुलेखनाच्या, म्हाताऱ्यांच्या व्यायामाच्या मंडळांना तिथे नाममात्र भाड्याने खोली मिळायची. पण मंडळाला आसपास राहणारे पाच सभासद लागत. मोझेल आणि एलिजा धरून दोनच होत होते.

वृंदा पुण्याची, संध्याकाळी एका कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटर सांभाळायची, आणि तिला कुठलीच गोष्ट अवघड वाटत नसे. "माझं नाव घाल, माझ्या नवऱ्याचं घाल, वरच्या मजल्यावरच्या अस्मिताचं घाल," ती म्हणाली. "झाले ना पाच?"

"अगं, पण हिब्रूचं मंडळ आहे."

"मग? मला यायला लागणार आहे का?"

तर असं ते मंडळ झालं. सभासदांत हिंदूच जास्त. दर रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या तातामीच्या खोलीत वर्ग भरायला लागला. बूट बाहेर, चटयांवर मांडी घालून मुलं. सुरुवातीला एकटी शिरा. मग एका इस्राएली स्वयंपाक्याचे दोन मुलगे आले. मग एक दिवस दारात मारिको उभी होती, हाताशी सहा वर्षांची एमी.

मारिको जपानी. नवरा बेन अमेरिकन ज्यू, इंग्रजी शिकवून पोट भरणारा. टेकडीवरची शाळा त्यांनीही पाहिली होती. "तिथे जमण्यासारखं नव्हतं," मारिको वाकून म्हणाली. पैशांचं म्हणाली की आणखी कशाचं, ते तिने सांगितलं नाही.

आई ज्यू नाही, म्हणजे नियमाने मुलगीही नाही. मोझेलच्या तोंडात प्रश्न आलाच होता. तो आला तेव्हा तिला खोलीत कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटलं. मारिको अजून वाकलेलीच होती. मोझेलला स्वतःचीच भीती वाटली. ती घाईने म्हणाली, "या ना, आत या. एमी, तुला कुठे बसायचंय?"

एमी शिराशेजारी बसली. वर्ग सुरू झाला.

आठवड्यांमागून आठवडे गेले. आणखी मुलं आली. मोझेलला शिकवणं जमत होतं, आईसारखंच जमत होतं, आणि तिथेच घोटाळा होता. खडू धरायची तिची पद्धत आईची झाली. "पुन्हा" म्हणताना आवाज आईसारखा खाली यायचा. एका रविवारी तिने हजेरी घेतली. शिरा, एमी, ते दोघे भाऊ. सगळ्यांनी जपानीत "हाय", म्हणजे हो, म्हटलं. मोझेल पुढचा धडा सांगायला वळली आणि तिला ऐकू आलं की आपण अजून बोलतोच आहोत.

"फ्लोरा झिराडकर." ती थांबली. "हायम तळकर."

मुलं शहाण्यासारखी बसून होती. जपानी शाळेत गेलेली मुलं बाईंना मध्येच अडवत नाहीत. बाहेरून तोझाई लाइनची गाडी गेली, खोलीची काच थरथरली.

"रिबका नागावकर."

"हजर," शिरा म्हणाली.

मराठीत म्हणाली. घरी कितीही मराठीत बोललं तरी जपानीत उत्तर देणारी मुलगी. मोझेलने तिच्याकडे पाहिलं. शिरा चित्रात डोकं घालून बसली होती, जणू तिने तोंडही उघडलं नव्हतं.

"तू हजर का म्हणालीस?" घरी जाताना मोझेलने विचारलं.

शिरा मान हलवत जपानीत म्हणाली, "मी नाही म्हणाले."

त्यानंतर मोझेलने ठरवलं, की पुन्हा नाही. पण रविवार आला की नावं आपोआप तोंडात यायची. न घ्यावीत तर घशात अडकून बसायची, धड्यातलं पुढचं वाक्य सुचायचं नाही. घेतली की खोली कशी भरून यायची. मुलं सरकून सरकून बसायला लागली, मधे मधे जागा सोडून. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पावसाळी दिवसांत एकदा वर्ग सुटल्यावर मारिको मागे थांबली. बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिली. मग म्हणाली, "मोझेल-सान, एमी म्हणते वर्गात आणखी मुलं असतात. ती घाबरत नाही. पण मला विचारते, त्यांची आई त्यांना न्यायला का येत नाही?"

मोझेलने काहीतरी सांगून वेळ मारून नेली, आणि मग दोन रविवार वर्ग भरवलाच नाही. शिराला ताप आहे म्हणून सगळ्यांना कळवलं.

वृंदाला ते पटलं नाही. ताप आलेली पोर खाली सायकल चालवत होती. ती सरळ वर आली, चहा ठेवला, आणि मोझेल सगळं बोलेपर्यंत गप्प बसली.

"मेलीत का गं ती मुलं?" शेवटी तिने विचारलं.

"छे! मोठी झालीत. अश्दोदला असतील, दिमोनाला असतील. नातवंडंसुद्धा असतील कोणाकोणाला."

"मग भुतं कसली? आई तेवढी गेलीये तुझी. ती माणसं जिवंत आहेत. फोन लाव ना कोणाला तरी."

हे मोझेलला इतक्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. तिच्या मनात ती मुलं दहा-बारा वर्षांचीच होती आणि कुठेच नव्हती. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये तिने विचारलं, तिथून कोणाची मावसबहीण, कोणाचा दीर असं करत करत रिबका नागावकरचा नंबर मिळाला. दिमोनाला राहायची, तिथल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. पन्नाशी केव्हाच गाठलेली.

पुढच्या रविवारी वर्ग भरला. मोझेलने फोन खिडकीशी पुस्तकांच्या आधाराने उभा केला. पडद्यावर केस रंगवलेली, जाडजूड, चष्म्यातली बाई. मुलांना बघून ती हात हलवत होती. मोझेलने हजेरी घेतली. शिरा, एमी, सगळे. मग शेवटचं नाव.

"रिबका नागावकर."

तिकडे रिबका खुर्चीतून उठून उभी राहिली. पडद्यात तिचा नुसता झगा दिसायला लागला, चेहरा वर गेला.

"हजर, बाई," ती वरून म्हणाली, आणि रडायला लागली.

मुलं गेल्यावर दोघी बोलत राहिल्या. रिबकाचं मराठी चाळीस वर्षांपूर्वीचं होतं, जसंच्या तसं जपून ठेवलेलं. "तुला एक सांगू?" ती म्हणाली. "आमचे बाबा जायला तयार नव्हते. तुझी आई घरी आली. म्हणाली, इथे आता पोरांना काही उरलं नाही, तुम्ही जा, तिकडे शाळा फुकट आहे, सगळी आपली पोरं आहेत. माझ्या बहिणीचं झालं ते झालं, आता तसं होत नाही म्हणाली. घरोघर जाऊन सांगायची ती."

"आई सांगायची?" मोझेलने विचारलं. "जा म्हणून?"

"मग? आम्हाला तिनेच पाठवलं. निघालो त्या दिवशी मात्र आली नाही. मला फार वाईट वाटलं होतं."

मोझेल त्या खोलीत एकटी बसून राहिली. आईने आपल्या हाताने वर्ग रिकामा केला होता, मग रोज त्या रिकाम्या वर्गाला हाका मारल्या होत्या. लहानपणी तिला वाटायचं, आई त्या मुलांवर रागावलीय. राग नव्हता तो. प्रत्येक नावानंतर ती थांबायची तेव्हा तिच्या तोंडावर काय असायचं, ते मोझेलला आत्ता कळलं. ती तिथेच तातामीवर ओणवी होऊन रडली.

त्या दिवसापासून आवाज थांबला. ओट्यापाशी नाही, नळाखाली नाही. मुलं पुन्हा चिकटून, दाटीवाटीने बसायला लागली. रिबका मावशी दर रविवारी फोनवर यायची आणि जिभेवर नीट न वळणाऱ्या हिब्रू अक्षरांवरून मुलांना मनसोक्त रागवायची. सगळं छान चाललं होतं. मोझेल मात्र शुक्रवारी दिवे लावून झाल्यावरही डोळ्यांवरचे हात लवकर काढत नसे. तशीच उभी राहायची, कान देऊन. एलिजाने एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात दीनांचा फोन आला. टेकडीवरची शाळा बंद होत होती. कंपन्यांनी माणसं परत बोलावली, जी राहिली त्यांना फी झेपेना, देणग्या देणाऱ्यांतला एक वारला. "तुमच्या वर्गाबद्दल ऐकलं," दीना म्हणाल्या. "पुस्तकं आहेत, चित्रांचे तक्ते आहेत. टाकून द्यायला हात होत नाही. न्याल का?"

मोझेल एकटीच गेली. बंगल्यात सामानाच्या खुणा भिंतींवर राहिल्या होत्या. पुस्तकांची खोकी दाराशी बांधून तयार होती. दीना मात्र दिसेनात. आत हाक मारत मारत ती शेवटच्या खोलीपाशी गेली.

दीना फळ्यासमोर उभ्या होत्या. पुढ्यात छोट्या छोट्या लाकडी खुर्च्या ओळीने मांडलेल्या. खोक्यांत भरायच्या सोडून त्यांनी त्या पुन्हा मांडल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं. त्या नजरेने मोझेल जागीच थबकली. ही नजर तिला पाठ होती; हजेरी घेताना आईची असायची.

"वेडेपणा आहे," दीना म्हणाल्या. "सकाळी कुलूप उघडलं की मुलं ऐकू येतात मला. इथल्या कोणाला सांगायची सोय नाही. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील."

याच बाईने मोझेलच्या मुलीसाठी पत्र मागितलं होतं. ते दोघींनाही आठवत होतं. दीनांनी ओठ हलवले, बहुधा तेच काढणार होत्या. मोझेलने मान हलवून नको म्हटलं. आत्ता ते ऐकायची तिची तयारी नव्हती. पुढे कधी होईल का, तेही तिला माहीत नव्हतं.

ती मागच्या ओळीत गेली. एक खुर्ची ओढून, गुडघे जवळ घेऊन त्या इवल्याशा खुर्चीत कशीबशी बसली.

"नावं घ्या त्यांची," ती म्हणाली. "मी बसते इथे."

दीनांनी टेबलाची कड धरली. बराच वेळ त्यांना पहिलं नावच सुचेना. मग सुचलं, आणि त्या थांबल्या. मग दुसरं. उघड्या खिडकीतून बंदराचा खारा वारा आत येत होता, रिकाम्या भिंतींवर नावं आदळून परत येत होती. मोझेल ताठ बसून प्रत्येक नाव ऐकत होती. कितीतरी नावं होती. त्यांतलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं.